देवावर भरवसा ठेवायला मुलांना कसे शिकवावे: नव्या धर्मशिक्षकांसाठी आणि आईबाबांसाठी

जूनमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू व्हायचे असतात. एखाद्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर फादर किंवा सिस्टर थांबवून विचारतात, "यंदा दुसरीचा वर्ग घ्याल का?" आपण हो म्हणतो. हातात पुस्तक पडते, मुलांची यादी येते आणि पहिला वर्ग आठ दिवसांवर आलेला असतो. हा लेख त्या आठ दिवसांत वाचायचा आहे. घरात पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (फर्स्ट कम्युनियनची) तयारी करणारे मूल असेल तर आईबाबांनाही तो उपयोगी पडेल. यातली बरीच उदाहरणे वसईकडची आहेत, पण संगमनेर-श्रीरामपूरकडच्या किंवा मुंबईतल्या मराठी मिस्साला जाणाऱ्या घरांतही मुले हेच प्रश्न विचारतात.

वर्गात जाण्याआधी

पुस्तक उघडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. 1992 साली जाहीर झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण-ग्रंथात म्हटले आहे की श्रद्धा म्हणजे सर्वांत आधी माणसाने स्वतः देवाला धरून राहणे, आणि त्याच वेळी देवाने प्रकट केलेले सत्य मनापासून स्वीकारणे. या दोन्ही गोष्टी एकत्रच असतात. वर्गात मात्र या दोहोंपैकी सत्य स्वीकारण्याची गोष्टच तेवढी होते, कारण तिची परीक्षा घेता येते. मूल श्रद्धेचा अंगीकार ही प्रार्थना एका दमात म्हणून दाखवते, सात संस्कार बोटांवर मोजते, आणि रात्री लाइट गेली की देव आपल्याला शिक्षा करतोय असे त्याला वाटते. त्या मुलाकडे माहिती आहे, भरवसा नाही. प्रार्थना, संस्कार, आज्ञा हे सगळे पाठ करायलाच हवे, ते मी कमी लेखत नाही. पण वर्षाच्या शेवटी त्या मुलाला देवाजवळ जाताना भीती वाटत असेल, तर आपले काम झालेले नाही.

म्हणून एकच नियम सांगते आणि पुढचे सगळे त्याच्याच आधाराने सांगते: देवाने जे वचन दिलेले नाही, ते त्याच्या नावाने मुलांना देऊ नका.

आपण अशी वचने सर्रास देतो. "प्रार्थना कर, पास होशील." "तुझा विश्वास असेल तर आजी बरी होईल." "खोटं बोललास तर देव बघतोय हं." पहिल्या वाक्यावरून मुलाला देव म्हणजे मार्क देणारा वाटतो. दुसऱ्याने आजीच्या जिवाची जबाबदारी सात वर्षांच्या पोरावर पडते. आजी गेली तर आपला विश्वास कमी पडला, असे ते मनात धरते आणि कुणाला सांगतही नाही. तिसऱ्या वाक्याने देवाची नजर पोलिसाची नजर होते. ही वाक्ये आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेली असतात, म्हणून ती तोंडून सहज निघतात. पहिल्या महिन्यात त्यांच्यावरच लक्ष ठेवा.

मग देवाने वचन दिले तरी काय? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या) अगदी शेवटच्या ओवीत येशू म्हणतो की युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. तेविसाव्या स्तोत्रातही तेच आहे. मृत्युछायेची दरी लागणारच नाही असे ते स्तोत्र म्हणत नाही. त्या दरीतून जातानाही तू माझ्याबरोबर आहेस, असे म्हणते. हे वचन मुलांना निःशंकपणे द्या आणि वर्षभर पुन्हा पुन्हा द्या.

तीन ते सहा वर्षे: मेंढपाळाची गोष्ट पुरे

बालवाडीच्या वयाचा वर्ग मिळाला तर घाबरू नका. रोममध्ये 1954 साली सोफिया कावालेत्ती या बायबल-अभ्यासक बाईंनी जान्ना गोब्बी या माँटेसरी शिक्षिकेबरोबर लहान मुलांच्या धर्मशिक्षणाची एक पद्धत सुरू केली. तिचे नावच उत्तम मेंढपाळावरून आहे. या वयाच्या मुलांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला मेंढपाळ सर्वांत जवळचा वाटतो, असा त्यांचा अनुभव होता. ती पद्धत आज जगभर वापरली जाते. सगळी उचलायची गरज नाही. त्यातल्या दोन गोष्टी घ्या: साहित्य थोडे आणि हाताळता येईल असे, आणि आपले बोलणे कमी.

माती किंवा पुठ्ठ्याची पाच-सहा मेंढरे, एक मेंढपाळ आणि दोऱ्याचे कुंपण एवढे पुरते. ओव्या वाचा. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, पुढे चालतो, मेंढरे त्याचा आवाज ओळखतात. मग मेंढरे मुलांच्या हातात द्या आणि गप्प बसा. "मेंढपाळ म्हणजे येशू आणि मेंढरं म्हणजे तुम्ही" हे आपण सांगून टाकायचे नाही. मुले स्वतःच तिथे पोचतात, कुणी दुसऱ्या रविवारी, कुणी पाचव्या. नगरकडच्या मुलांनी धनगरांचे कळप पाहिलेले असतात, त्यांना विचारा की मेंढरे कुणाच्या हाकेला येतात. ती तुम्हालाच शिकवतील.

एक काम मात्र तुमचे आहे. पहिल्या रविवारी यादी हातात घेऊन बसा आणि प्रत्येकाचे घरचे नाव विचारून लिहा. दुसऱ्या रविवारी प्रत्येकाला त्या नावाने हाक मारा. नावाने हाक मारणाऱ्या देवाबद्दल बोलणाऱ्या बाईला मुलांची नावे ठाऊक नसतील, तर त्या गोष्टीचा काही उपयोग नाही.

सात ते नऊ वर्षे: वादळाची गोष्ट, सावकाश

या वयातली मुले पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीची असतात. पूर्वी मुलांना त्यासाठी दहा-बारा वर्षांचे, कुठे चौदा वर्षांचे होईपर्यंत थांबवून ठेवत. पोप दहावे पायस यांनी 1910 साली हुकूम काढला की मुलाला समज आली, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, त्याला प्रभूजवळ येऊ द्यावे. साध्या भाकरीपेक्षा ही भाकर वेगळी आहे हे आपल्या बुद्धीप्रमाणे त्याला कळले म्हणजे पुरे. मोठ्यांसारखी जाण असलीच पाहिजे अशी अट घातली नाही. शिक्षकाने हे लक्षात ठेवावे, म्हणजे व्याख्यांचा सोस आपोआप कमी होतो.

भरवशासाठी या वयाला मार्कच्या चौथ्या अध्यायातली वादळाची गोष्ट (ओव्या 35 ते 41) सर्वांत चांगली. ती कशी घ्यायची ते जरा तपशिलात सांगते.

आधी गोष्ट स्वतः तीनदा वाचा. त्यात तीन बारकावे आहेत, ते निसटू देऊ नका. एक, येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला होता. उशी फक्त मार्क सांगतो. दोन, त्याच्या नावेबरोबर दुसऱ्या नावाही होत्या. तीन, येशूने आधी वारा थांबवला आणि मग शिष्यांना विचारले की तुम्ही का भ्यालात. मत्तयमध्ये हा क्रम उलटा आहे, तिथे आधी प्रश्न आणि मग वादळ शांत. लहान मुलांना मार्कचाच क्रम सांगा. घाबरलेल्या मुलाला आधी जवळ घ्यायचे असते, विचारपूस मागाहून.

वर्गात पहिला प्रश्न हा: "नावेत कोण कोण होतं?" पाचूबंदर किंवा अर्नाळ्याची मुले असतील तर ती नावेची सगळी माहिती सांगू लागतील. सांगू द्या, पाच मिनिटे गेली तरी चालतील. मग अंधार झाला, वारा उठला, लाटा नावेत येऊ लागल्या, पाणी भरू लागले. इथे थांबा आणि विचारा, "तुम्ही काय केलं असतं?" कुणी म्हणेल पाणी उपसलं असतं, कुणी म्हणेल रडलो असतो. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, तसे सांगा.

मग शिष्यांचे वाक्य: गुरुजी, आपण बुडतोय, तुम्हाला काही वाटत नाही का? हे वाक्य मुलांना ओरडून म्हणू द्या, सगळ्यांना एकदम. प्रार्थना नेहमी हात जोडून, हळू आवाजात, सभ्यपणेच करायची असते असे त्यांना वाटत असते. इथे बारा मोठे बाप्ये येशूवर ओरडताहेत. येशू त्यांना नावेतून उतरवत नाही. तो उठतो.

"आणि दुसऱ्या नावांचं काय झालं?" हा प्रश्न शेवटी विचारा आणि उत्तर देऊ नका. एखादे मूल बराच वेळ विचार करून म्हणते, "टीचर, त्यांचं पण वादळ थांबलं. त्यांना माहीत पण नव्हतं येशूनं थांबवलं म्हणून." असे उत्तर आले तर त्यावर आणखी काही बोलू नका, फक्त मान हलवा.

आता सावधगिरी. "येशू नावेत असला की नाव बुडत नाही" असे चुकूनही म्हणू नका. कोळीवाड्यातल्या मुलांना हे खोटे असल्याचे ठाऊक असते. फादरांनी आशीर्वाद दिलेल्या बोटीही दर्यात गेलेल्या आहेत आणि कुणाच्या तरी घरात गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर आहे. गोष्ट एवढेच सांगते की येशू किनाऱ्यावर उभा राहून बघत नव्हता, त्याच नावेत भिजत होता. तेवढेच सांगा.

कोणत्या गोष्टी आधी, कोणत्या मागाहून

अब्राहाम हा भरवशाचा मोठा आदर्श, म्हणून बरेच नवे शिक्षक त्याच्या मुलाच्या, इसहाकाच्या, बलिदानाची गोष्ट दुसरी-तिसरीतच घेतात. माझे स्पष्ट मत आहे की नऊ-दहा वर्षांआधी ती घेऊ नये. मुलाला त्यातून एवढेच ऐकू येते की देवाने सांगितले तर बाबा मला मारू शकतील. त्याऐवजी उत्पत्तीचा बारावा अध्याय घ्या, म्हातारपणी गाव सोडून निघालेला अब्राहाम. किंवा पंधरावा, ज्यात देव त्याला रात्री बाहेर नेऊन तारे मोजायला सांगतो.

येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट जुलैच्या पहिल्या आठवड्यात घ्या. त्याचा सण 3 जुलैला असतो, वर्ग नुकतेच सुरू झालेले असतात. संत थोमा इ.स. 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला अशी आपल्या देशातली जुनी परंपरा आहे, ती मुलांना आवडते. पण भर द्या तो दुसऱ्याच गोष्टीवर. थोमाने सगळ्यांसमोर सांगितले की येशू पुन्हा उठला हे मी बघितल्याशिवाय मानणार नाही, आणि आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच मित्रांबरोबर होता. त्याला कुणी बाहेर काढले नव्हते. ज्या मुलाला शंका येतात त्याने वर्गात बसूनच त्या विचाराव्यात, हे इतक्या चांगल्या रीतीने दुसरी कुठलीही गोष्ट सांगत नाही.

मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप विसरू नका, ज्याचा मुलगा आजारी असतो. त्याचे वाक्य (ओवी 24) छोटे आहे आणि मुलांना पाठ करायला सोपे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत कर.

डोंगरावरच्या प्रवचनातल्या पाखरांबद्दल सांगताना एक चूक टाळा. पाखरे पेरत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खाऊ घालतो, हे ऐकून हुशार मूल विचारते, "मग अभ्यास कशाला करायचा?" चिमणी दिवसभर दाणे शोधत फिरते, हे त्याला दाखवा. येशूने कष्ट नको म्हटलेले नाही, उद्याच्या काळजीने आज पोखरून घेऊ नका म्हटले आहे.

आणि आपल्या मातीतले संत. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. तरुणपणी जपानला गेले, तिथली भाषा शिकले, जेझुइट संघातल्या धर्मगुरूंबरोबर धर्मशिक्षणाचे काम केले. त्या संघात आपल्याला घ्यावे ही त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रूसावर मारण्यात आले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. मुलांना आपण बहुधा शेवटचा भाग तेवढा सांगतो. मधला भाग सांगा, मागितलेले मिळाले नाही तेव्हाचा. पाचवी-सहावीच्या मुलांना हौतात्म्यापेक्षा तो जवळचा असतो.

प्रार्थना: स्वतःच्या शब्दांत एक वाक्य

प्रभूच्या प्रार्थनेत सात मागण्या आहेत. एका रविवारी एक घ्या, सात रविवार. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या मागणीला पोचाल तेव्हा पकडले जाण्याआधी गेथशेमनी बागेत प्रार्थना करणारा येशू सांगा. त्याने आधी मागितले की हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि मग म्हटले, माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे. पहिले वाक्य गाळून दुसरे शिकवू नका. मुलाला मागायची मुभा हवी. मागितल्याशिवाय सोपवता येत नाही.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत एक वाक्य म्हणू द्या. ज्याला म्हणायचे नसेल त्याने नुसते "आमेन" म्हणावे, सक्ती नको. सुरुवातीला सगळी "देवा, सगळ्यांना सुखी ठेव" एवढेच म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला कुणीतरी म्हणते, "देवा, बाबा दारू पिऊन येऊ नये." त्या क्षणी वर्गात कुणी हसणार नाही याची काळजी तुम्ही घ्यायची, आणि वर्ग सुटल्यावर त्या मुलाशी दोन शब्द बोलायचे.

तक्रारीची प्रार्थनाही शिकवा. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच आहे, हे प्रभो, कुठवर? तू मला कायमचा विसरणार काय? मुलांना आश्चर्य वाटते की हे बायबलमध्ये आहे. स्तोत्र छोटे आहे, सहा ओव्यांचे, पूर्ण वाचा, शेवटी भरवशाचे शब्द येतात तिथपर्यंत.

"मी मागितलं तरी देवानं दिलं नाही"

हा प्रश्न येतोच. दुसरीतली एक मुलगी, पावसाळ्यात आजी गेलेली, वर्ग सुटल्यावर दप्तर पाठीवर घेऊन उभी राहते आणि विचारते, "टीचर, मी रोज माळेची (रोझरीची) प्रार्थना केली. तरी आजी का मेली?"

आधी खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. "देवाला आजी आवडली म्हणून तो तिला घेऊन गेला" हे वाक्य आपल्याकडे सगळेच म्हणतात. तुम्ही म्हणू नका. त्या मुलीला आई आवडते, धाकटा भाऊ आवडतो, आणि आवडणाऱ्यांना देव नेतो हे ऐकल्यावर तिला रात्री झोप लागणार नाही. "देवाची इच्छा" हेही पहिले वाक्य म्हणून नको.

"का ते मला माहीत नाही" असे म्हणा. खरे आहे ते. मग म्हणा, "तू रोज प्रार्थना केलीस, ती देवानं ऐकली. तुला खूप वाईट वाटतंय ना?" ती रडली तर रडू द्या. आपला मित्र लाजरस याच्या थडग्यापाशी येशू स्वतः रडला हे तिला सांगा. आपण त्याला पुन्हा उठवणार हे येशूला ठाऊक होते, तरीही तो रडला. योहानाच्या अकराव्या अध्यायातली ही पस्तिसावी ओवी दोन-तीन शब्दांचीच आहे. आजी देवाजवळ आहे आणि एक दिवस आपण तिला भेटू अशी आपली आशा आहे, हे नंतर सांगा, शांतपणे, एकदाच.

आणि तिला करायला काहीतरी द्या. मुलांचे दुःख हातांतून हलके होते. 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस येतो, तेव्हा आजीच्या कबरीवर फुले कोण नेणार, मेणबत्ती कोण लावणार, हे तिच्याकडे सोपवायला तिच्या आईला सांगा. आजीसाठी मिस्सा सांगायला फादरांकडे आई जाईल तेव्हा तिलाही बरोबर नेऊ द्या.

नवसाबद्दल

सप्टेंबरमध्ये मुले वांद्र्याच्या मोतमाउलीच्या (मरियामातेच्या) जत्रेला किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाऊन येतात. वांद्र्याला मेणाचे हात, पाय, घरे विकत घेऊन वाहिली जातात, मुले ते बघतात आणि वर्गात विचारतात. भक्तीला नावे ठेवू नका, त्यांची आजी तिथे अनवाणी गेलेली असते. सांगायचे ते एवढेच की मेणाचा पाय वाहणारा माणूस मरियामातेला आपले दुखणे दाखवत असतो, किंवा बरे वाटल्याचे आभार मानत असतो. तो पायाची किंमत मोजत नसतो. "आधी दे, मग देईन" असा व्यवहार देवाशी होत नाही, कारण तो न मागताही देतो आणि कधी मागूनही देत नाही. तिसरीच्या मुलाला हा फरक कळतो.

भीती आणि पापनिवेदन

पहिल्या पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) आधी लूकच्या पंधराव्या अध्यायातला, घर सोडून गेलेल्या मुलाचा बाप सांगा, आणि त्यातले धावणे सांगा. मुलगा दूर असतानाच बाप त्याला बघतो आणि धावत जातो. मुलाने पाठ करून आणलेली क्षमेची वाक्ये पूर्णही होत नाहीत. पापांची लांबलचक यादी देऊन त्यातून पापे निवडायला लावू नका. मग मुले न केलेली पापेही सांगतात.

आदल्या आठवड्यात त्यांना रिकामी कन्फेशनची जागा दाखवा, आत बसून बघू द्या. फादर ऐकलेले कुणालाही सांगू शकत नाहीत, आईलाही नाही, बिशपांनाही नाही, हे स्पष्ट सांगा. आणि घरी गेल्यावर "काय सांगितलंस?" असे विचारायचे नाही, हे आईबाबांना बजावून सांगा.

भरवसा आणि सुरक्षितता

देवावर भरवसा ठेवायला शिकवणाऱ्या जागी मुलांच्या भरवशाचा गैरवापर होता कामा नये. वर्गाचे दार उघडे ठेवा. दोन मोठी माणसे असावीत, एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत कुणी बसू नये, फादरांपासून मदतनिसापर्यंत हाच नियम. मुलांना सांगा की मोठ्यांचा मान ठेवायचा, पण कुणी अंगाला नको तसा हात लावला किंवा "हे गुपित ठेव" म्हटले, तर ते लगेच सांगायचे. असे सांगितल्याने देव रागावत नाही. मूल काही सांगेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि तक्रार करा. 2012 च्या पोक्सो कायद्याने (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने) ती करणे बंधनकारक आहे, आतल्या आत मिटवणे हा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा नंबर 1098 वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा.

मोठ्या मुलांचा एक प्रश्न

सातवी-आठवीत कुणीतरी विचारतेच, "शेजारच्या काकू हिंदू आहेत, त्यांची प्रार्थना देव ऐकतो का?" गडबडून जाऊ नका. येशूने ज्या दोघांच्या श्रद्धेचे तोंडभरून कौतुक केले, ते दोघेही इस्राएलबाहेरचे होते: मत्तयच्या आठव्या अध्यायातला रोमी शताधिपती आणि पंधराव्यातली कनानी बाई. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आपली ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 1965 साली स्पष्ट केले. देव काकूंचे ऐकतो, असे बिनधास्त सांगा. आपला येशूवरचा विश्वास त्याने कमी होत नाही.

आईबाबांची बैठक

वर्ग आठवड्यातून तासभर असतो. बाकीचे सगळे तास मूल घरी असते. याच व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले आणि आईबाबांना श्रद्धेचे पहिले शिक्षक. म्हणून जूनमध्येच बैठक बोलवा, भाषण करू नका, आणि थोडेच मागा.

रात्री सगळ्यांनी मिळून माळेचे एक रहस्य (माळेचा एक भाग) म्हणा. पूर्ण माळ जमत नसेल तर एकच, पण टीव्ही बंद करून. गोव्यात रोझरीनंतर मुले घरातल्या मोठ्यांकडे बेसांव (आशीर्वाद) मागतात. आपल्या घरांतही वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यायची रीत आहे, ती मोडली असेल तर पुन्हा सुरू करा. झोपताना आईने मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी.

घरात अडचण असेल, नोकरी गेली असेल, कर्ज असेल, तर मुलापासून सगळे लपवून ठेवू नका. त्याला पेलवेल एवढे सांगा आणि त्याच्यासमोर त्यासाठी प्रार्थना करा. बाबा देवाकडे मागताहेत आणि उद्या सकाळी पुन्हा काम शोधायला निघताहेत, हे मुलाने बघितले म्हणजे पाखरांची गोष्ट त्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आणि मुलाला शिस्त लावताना देवाचे नाव वापरू नका. रागवायचे असेल तर स्वतःच्या नावाने रागवा.

शिक्षकांनी एक छोटी वही ठेवावी. ज्या प्रश्नाला "पुढच्या रविवारी सांगते" म्हटले तो मुलाच्या नावासकट त्यात लिहावा. आठवडाभरात बायबल बघावे, फादरांना विचारावे आणि पुढच्या रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी त्या मुलाला उत्तर द्यावे. उत्तर सापडले नसेल तर सापडले नाही म्हणून सांगावे, पण प्रश्न विसरू नये.